एम.टेक.चा प्रबंध आणि बेदाण्याचा हंगाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंत्र अभियांत्रिकीच्या एम.टेक.चे तिसरे सत्र सुरू झाले की विभागाच्या व्हरांड्यात एकच प्रश्न ऐकू येतो, 'टॉपिक मिळाला का?' सगळे मिळण्याचीच वाट पाहतात, शोधायला कुणी बाहेर पडत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमात एम.टेक.चे एकूण क्रेडिट ६८. त्यांतले २६ प्रबंधाचे: तिसऱ्या सत्रात १० आणि चौथ्यात १६. पदवीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग ज्यावर उभा आहे त्याचा विषय सप्टेंबरात, गाइडच्या केबिनबाहेर रांगेत उभे राहून, दहा मिनिटांत ठरतो. याबद्दल सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांना, गाइडना आणि विभागप्रमुखांना काही सुचवायचे आहे.

विषयांची आपल्याकडे वानवा नाही. तासगाव, कवठे महांकाळ, जत भागातल्या बेदाणा शेड, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद, कृष्णाकाठचे साखर कारखाने, १९१० पासून वसलेली किर्लोस्करवाडी आणि तिथले पंप, कुपवाड-पलूसकडच्या फाउंड्री. शिकवणारेही जवळच आहेत. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०चे. घोडे अडते ते तारखांवर. बेदाणा होतो जानेवारी ते एप्रिल. हळद निघते आणि शिजते साधारण जानेवारी ते मार्च. गाळप नोव्हेंबरच्या आसपास सुरू होते आणि मार्चपर्यंत ओसरते. विद्यापीठाचे पंचांग मात्र जुलै ते डिसेंबर आणि जानेवारी ते जून असे चालते आणि त्यात द्राक्षाला कुठे जागा नाही.

आता हिशेब करून पाहा. दोन वर्षांच्या एम.टेक.मध्ये हा हंगाम दोनदा येतो, एकदा दुसऱ्या सत्रात आणि एकदा चौथ्या. पहिला हंगाम थिअरीच्या पेपरांत निघून जातो, कारण तेव्हा प्रबंधाचे नावही कुणी काढत नाही. विषय सप्टेंबरात ठरतो, सिनॉप्सिस ऑक्टोबरात मंजूर होतो, मग दिवाळी, मग सेमिनार. समजा, विषय द्राक्षे वाळवणाऱ्या सौर ड्रायरचा आहे. त्याचे ड्रॉइंग जानेवारीत फॅब्रिकेटरकडे, म्हणजे यंत्र बनवून देणाऱ्याकडे जाते. त्याच्याकडे आधीची कामे असतात. विद्यार्थ्याचे एक नगाचे काम तो फावल्या वेळात करणार, आणि त्यात त्याची चूक नाही. सेटअप हातात येतो एप्रिलच्या मध्यावर. पहिल्या चाचणीत पंख्याची दिशा उलटी निघते, दुसरीत डक्टला, म्हणजे हवेच्या नळीला, गळती सापडते, आणि तोपर्यंत द्राक्षे संपलेली असतात. मग बटाट्याच्या चकत्या वाळवल्या जातात. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर द्राक्ष आणि आत बटाटा, असे बाड बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर ठेवले जाते.

वेल्डिंगच्या आधी कागदावर एक साधा हिशेब केला तरी निम्मे विषय वेळेत सुधारतील. सौर वाळवणीचेच घ्या. १०० किलो द्राक्षांत पाणी साधारण ७८ टक्के, म्हणजे घन भाग २२ किलो. बेदाण्यात १५ टक्के ओलावा ठेवायचा, तर तयार माल २२ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे २६ किलो. ७४ किलो पाणी उडवायचे आहे. ४० अंशांच्या आसपास एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. एकूण १७८ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत ४९ युनिट. विद्यार्थी सर्रास २ चौरस मीटरचा कलेक्टर, म्हणजे उन्हावर हवा तापवणारी पेटी, घेतो, कारण पत्र्याची शीट तेवढीच येते. दिवसाला चौरस मीटरमागे ५ युनिट ऊन धरले तर त्याला १० युनिट मिळतात. कलेक्टरची कार्यक्षमता ४० टक्के, म्हणून हवेत गेले ४. त्यातली निम्मी उष्णता हवेबरोबर चिमणीतून बाहेर जाते, राहिले २. ४९ भागिले २, म्हणजे जवळपास २५ दिवस. शेजारच्या उघड्या शेडवर, कसलेही यंत्र न लावता, तोच माल पंधराएक दिवसांत वाळून झाडायला येतो! उघडी शेड वाऱ्यातली कोरडी ताकद फुकट वापरते. आपण तो वारा अडवून पेटीत कोंडतो आणि मग उन्हाकडे भरपाई मागतो. त्याच कलेक्टरवर २० किलो माल ठेवला तर पाच दिवसांत काम होते. १०० किलोच हवे असतील तर कलेक्टर १० चौरस मीटरचा लागेल. विषय मंजूर करताना समितीने हे अर्धे पान मागावे.

दुसरी गोष्ट रंगाची. तापमान ६५ अंशांवर गेले की वाळवणीचा वेळ कमी होतो आणि आलेखही छान उतरतो, पण बेदाणा तपकिरी पडतो. सांगली-तासगावच्या बाजारात भाव हिरव्या, एकसारख्या मालाला आहे. वाळवणीचे दिवस मोजले आणि प्रत मोजलीच नाही, असा प्रबंध शेतकऱ्याच्या काही कामाचा नाही. प्रत्येक चाचणीत डिपिंगही, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षे द्रावणात बुडवणे, तेच ठेवावे: लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल, आणि बुडवण्याचा वेळ घड्याळ लावून. सालीवरचा मेणचट थर या द्रावणाने सैल होतो आणि पाणी बाहेर पडायला वाट मिळते. एका दिवशी दोन मिनिटे आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे बुडवले, तर आलेखात दिसणारा फरक ड्रायरचा की द्रावणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मोजमापाबद्दल जरा लांबट लिहितो, कारण सगळ्यात जास्त प्रबंध इथेच ढासळतात. बाजारात मिळणारी साधी के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, २.२ अंशांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकते, आणि ते तिच्या मानकाला धरूनच आहे. कलेक्टरमध्ये हवा १० अंशांनी तापते असे समजा. आत येणारी एक आणि बाहेर जाणारी एक, अशा दोन थर्मोकपलांची अनिश्चितता वर्गमूळाच्या पद्धतीने एकत्र केली की ३.१ अंश होते. दहावर तीन, म्हणजे तापमानफरकातच ३१ टक्के. त्यावरून काढलेली कार्यक्षमता '४३.७२ टक्के' अशी दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेली असते! क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांनी १९५३ मध्ये ही अनिश्चितता काढण्याची पद्धत मांडली, आणि ती वापरायला दोन पाने पुरतात. तरी 'एरर ॲनालिसिस' हे प्रकरण शेवटच्या आठवड्यात कुणाचे तरी उतरवले जाते. उपाय महागडा नाही. अ-वर्गाची पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारी कांडी, वापरली तर ५० अंशांवर चूक पाव अंशाच्या आसपास येते. तेवढे पैसे नसतील तर सगळ्या थर्मोकपल एकाच भांड्यात एकत्र बुडवून एकमेकींतला फरक नोंदवावा आणि तो वजा करावा. फरक मोजताना त्या परस्परांशी जुळलेल्या असणेच जास्त महत्त्वाचे.

हे कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची माहीत असलेल्या तापमानाशी पडताळणी, करताना बर्फाचे पाणी आणि उकळते पाणी असे दोन बिंदू घेतात. बर्फ कुटून घ्यावा आणि पाण्यात गच्च भरावा. वर तरंगणाऱ्या चार खड्यांच्या पाण्यात तळाशी तीन-चार अंश सहज सापडतात. उकळत्या पाण्याला मात्र १०० लिहू नये. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या जरासे वर उकळते. साताऱ्यात आणखी अर्धा अंश कमी, आणि महाबळेश्वरात तर ९५-९६ वरच. पुस्तकातला १०० आकडा धरून कॅलिब्रेशन केले तर अचूक उपकरणात आपणच पावणेदोन अंशांची चूक घालून ठेवतो.

वजनासाठी हल्ली लोड सेल, म्हणजे विजेवर चालणारा वजनाचा सेन्सर, वापरतात, ते चांगलेच. पण तो ड्रायरच्या आत बसवला की गरम होऊन आकडा सरकत जातो, आणि वाळत चाललेल्या मालाचे वजन दुपारी वाढलेले दिसते. लोड सेल बाहेर, छतावर ठेवावा आणि ट्रे तारेने खाली टांगावा. रीडिंग घेताना मिनिटभर पंखा बंद करावा, नाहीतर हवा ट्रेला वर उचलते. दमट हवा मोजणारे स्वस्त सेन्सर दोन टक्क्यांपर्यंत ठीक असतात, मात्र सल्फरची धुरी दिलेल्या जागेत ते फार दिवस खरे बोलत नाहीत.

हळदीकडे वळतो. पारंपरिक काहिलीत हळद ४५ ते ६० मिनिटे शिजते. फेस आला आणि विशिष्ट वास सुटला की उतरवतात. आता ट्रॅक्टरमागे ओढत नेता येणारे वाफेचे कुकर गावोगाव फिरतात. इथे यंत्र अभियंत्याला करण्यासारखे खूप आहे: किती जळणात किती क्विंटल हळद शिजली, धुराड्यातून किती उष्णता गेली, नळी उघडी आहे की तिला लॅगिंग (उष्णता अडवणारे वेष्टन) आहे, ड्रम बदलताना किती वाफ वाया गेली. चूक होते ती जळणाच्या उष्मांकात. उष्मांक मोजणाऱ्या बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये वाळवलेला नमुना घालतात आणि तोच आकडा शेतातल्या ओल्या पाचटाला किंवा लाकडाला लावतात. त्यामुळे भट्टीला दिलेली उष्णता फुगते आणि कार्यक्षमता आहे त्याहून वाईट दिसते. मग 'आमच्या सुधारणेने' ती एकदम वाढते. वाढलेली असते ती बऱ्याचदा जळणाच्या कोरडेपणामुळे. जळण तोलताना त्याच दिवशी त्याचा ओलावाही काढावा. आणि स्वतः छोटा बॉयलर बनवण्याच्या उत्साहात कायदा विसरू नये. २५ लिटरच्या आतले भांडे किंवा चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आतला दाब, यांपैकी काही नसेल तर तो बॉयलर कायद्याखाली येतो. नोंदणीशिवाय महाविद्यालयाच्या आवारात तो पेटवला आणि अपघात झाला, तर त्याची जबाबदारी गाइडवर आणि संस्थेवर येते.

साखर कारखान्याचा विषय घेणाऱ्यांनी दोन काळ लक्षात ठेवावेत. वाफ, बगॅस (उसाचा चोथा), बॉयलर, टर्बाइन यांची मोजमापे गाळप चालू असतानाच होतील. मिलच्या रोलरची झीज मात्र मिल उघडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावर हाती लागते. झिजेचा विषय घेणाऱ्याला पहिल्या वर्षीचा मे महिना मिळाला नाही तर दुसऱ्या वर्षी त्याची नोंद आणि सबमिशन एकाच पंधरवड्यात येतात. परवानगीचे पत्र विभागप्रमुखांच्या सहीने कार्यकारी संचालकांकडे द्यावे, आणि कोणते आकडे छापता येतील हे तेव्हाच लेखी घ्यावे. वर्षभर खपून जमवलेली माहिती 'गोपनीय' ठरली की व्हायवात उत्तर द्यायला काही उरत नाही.

ज्यांचा हंगाम खरोखर हुकला त्यांच्यासाठी पंप आणि ओतकाम हे बारमाही विषय आहेत. पंपात कॅव्हिटेशनची, म्हणजे दाब कमी पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याची, चाचणी घेताना सक्शनची (पाणी ओढण्याच्या बाजूची) स्थिती हळूहळू बिघडवत नेतात आणि हेड (पाणी चढवण्याची उंची) ३ टक्क्यांनी घसरले की तो बिंदू धरतात. इथेही उंचीचा तोच घोळ होतो. सॉफ्टवेअरमध्ये वातावरणाचा दाब आपोआप १०१३२५ पास्कल धरलेला असतो, तो समुद्रकिनाऱ्याचा. सांगलीत तो ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. पाण्याच्या भाषेत १०.३ मीटरऐवजी ९.७ मीटर. सहा दशांश मीटरचा फरक किरकोळ वाटेल, पण ज्या पंपाची राखीव मर्यादाच अर्धा मीटर आहे तो संगणकावर शांत चालतो आणि विहिरीवर खडखडतो.

सॉफ्टवेअरचा विषय निघालाच आहे. संगणकावरच्या सिम्युलेशनला विरोध नाही. विरोध आहे तो लाल-पिवळ्या-निळ्या चित्रांना पुरावा मानण्याला. ज्याला हे काम करायचे त्याने किमान तीन मेश, म्हणजे जागेचे छोट्या पेशींत पाडलेले जाळे, करावेत, आणि एकाच्या तुलनेत दुसऱ्याच्या पेशीची बाजू निदान १.३ पट लहान हवी. दहा टक्के पेशी वाढवून 'मेश इंडिपेंडन्स' (उत्तर जाळ्याच्या बारकाईवर अवलंबून नसणे) सिद्ध झाला असे लिहिणे म्हणजे तीच बेरीज दोनदा करण्यासारखे आहे. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली तफावत) खाली आले तेवढ्यावर समाधान मानू नये. आत आलेली हवा आणि बाहेर गेलेली हवा जुळते का, ते पाहावे. भिंतीजवळच्या पहिल्या थराची जाडी टर्ब्युलन्स मॉडेलप्रमाणे, म्हणजे खळबळत्या प्रवाहाच्या गणिती नमुन्याप्रमाणे, ठरते; तिचे एककाशिवायचे माप म्हणजे वाय-प्लस. वॉल फंक्शन (भिंतीलगतच्या थरासाठीचे ठरीव सूत्र) वापरणाऱ्या के-एप्सिलॉन मॉडेलला वाय-प्लस ३० ते ३०० चालतो, एसएसटी मॉडेलने भिंतीवरची उष्णता काढायची तर तो १ च्या आसपास हवा. एकाचा मेश आणि दुसऱ्याचे मॉडेल, ही खिचडी फार दिसते. डिझाइनवाल्यांचा नेहमीचा दोष धारदार कोपऱ्याचा. फिलेट, म्हणजे गोलाई, न देता आतला कोपरा काटकोनात ठेवला की मेश जितका बारीक कराल तितका ताण वाढत जातो, कधी थांबतच नाही. मग विद्यार्थी सोयीचा आकडा आला की मेश थांबवतो. आणि 'व्हॅलिडेशन' (निकालाची प्रत्यक्षाशी पडताळणी) म्हणून दुसऱ्याच्या शोधनिबंधातल्या आलेखावरचे चार बिंदू घेतले जातात, तेही त्याचा भौमितिक आकार वेगळा असताना.

लेखनाबद्दल एवढेच, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करावे लागते, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. शब्द फिरवून साम्य कमी करून देणाऱ्यांकडे पैसे घालवण्यापेक्षा स्वतःची रीडिंग स्वतःच्या भाषेत लिहावीत. त्यांच्याशी कुणाचे साम्य निघणार?

प्रवेशाच्या बाजूने पालक नेहमी विचारतात म्हणून थोडक्यात. एम.टेक. प्रवेशाची गेट परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांतले १५ सामान्य क्षमतेचे आणि १३ गणिताचे. गुण वजा होतात ते पर्यायी प्रश्नांत. आकडा भरायच्या आणि एकाहून अधिक उत्तरांच्या प्रश्नांत होत नाहीत, त्यामुळे ते कोरे सोडू नयेत. स्कोअर तीन वर्षे चालतो आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही परीक्षा देता येते. वैध स्कोअरवर मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला की परिषदेकडून दरमहा १२,४०० रुपये, २४ महिने. गेट नसताना रिकाम्या जागेवर प्रवेश मिळू शकतो, हे पैसे मिळत नाहीत. शिष्यवृत्ती अडकते ती बहुधा दोन कारणांनी: आधार न जोडलेले किंवा मर्यादा असलेले बँक खाते, आणि वर्षाहून जुना झालेला नॉन-क्रिमिलेयर दाखला. दोन्ही कामे प्रवेशाच्या आधीच उरकता येतात.

विभागांकडे मागणी अशी. प्रबंधाचा विषय दुसऱ्या सत्रात, एप्रिलअखेर ठरवावा, त्याआधी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फेब्रुवारीत एक आठवडा मोकळा द्यावा. प्रवेशफेऱ्या लांबल्या आणि पहिले सत्रच उशिरा संपले, तरी हा आठवडा गाळू नये; पेपर पुढे ढकलता येतो, द्राक्षे पुढे ढकलता येत नाहीत. तिसरे सत्र हिशेब, ड्रॉइंग आणि फॅब्रिकेशनला द्यावे. दसऱ्यापर्यंत ड्रॉइंग फॅब्रिकेटरच्या हातात पडावे, आणि नाताळाच्या आत सेटअप रिकामा, म्हणजे माल न भरता, चालवून पाहिलेला असावा. सांगली, कराड आणि साखराळे इथल्या महाविद्यालयांनी मिळून कॅलिब्रेट केलेल्या उपकरणांचा एक सामायिक साठा करावा: डेटा लॉगर, पीटी-१००चा एक संच, हवेचा वेग मोजणारा हॉट-वायर ॲनिमोमीटर, सौर प्रारण मोजणारा पायरानोमीटर. ही उपकरणे एका विद्यार्थ्याला वर्षातून दोन आठवडेच लागतात आणि उरलेले दिवस कपाटात असतात.

फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात शेडवर जाणाऱ्याने वहीत एवढे तरी आणावे: शेडची दिशा आणि रॅकचे मजले; वरच्या, मधल्या आणि खालच्या मजल्यावर सकाळी आठ, दुपारी दोन आणि सायंकाळी सहा वाजता तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग; रोज त्याच वेळी तोललेल्या, खूण केलेल्या दोन-दोन किलोंच्या तीन जाळ्या; आणि माल झाडल्यावर शेतकऱ्याने प्रतवारी कशी केली त्याची नोंद. माल झाडेपर्यंत पंधरवडा लागतो, तेव्हा पुढचे तोलणे शेडवरच्या माणसाला वजनकाटा आणि कोरा तक्ता देऊन सांगून ठेवावे. कोणत्या मजल्यावर माल उशिरा वाळतो हे त्या तक्त्यात दिसेल, आणि पुढच्या वर्षी पंखा कुठे लावायचा तेही.

आपला,
यंत्र अभियांत्रिकीचा एक निवृत्त शिक्षक,
सांगली